माणसाच्या उंचीची मेणबत्ती

लोकांनी मला तापट म्हटलं आहे, ते खरं आहे. चिकट म्हटलं आहे, तेही मी ऐकून घेतो, कारण घासाघीस केल्याशिवाय मी कधी सुतळीचा गुंडासुद्धा घेतला नाही. पण लबाड म्हणणारी एकच बाई भेटली. ती माझ्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, आणि तेही अशा कामाबद्दल, ज्यात मी मापात केसाइतकीही चूक केली नव्हती. या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली, तरी ती आठवली की माझे कान गरम होतात.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचं घराणं वाडीवाल्यांचं, केळी आणि पानवेलीचं. पण चुलत्यांच्या वाटण्यांत माझ्या वाट्याला जे आलं त्यावर चार केळीही नीट उभ्या राहिल्या नसत्या. म्हणून मी विरारजवळ आचोळ्यात एक पत्र्याची शेड घेतली आणि मेणबत्त्या पाडायला लागलो. वीज दर दोन दिवसांनी जायची, विरारला नव्या इमारती उठत होत्या, तिथल्या भाडेकरूंना मेणबत्त्या लागायच्या. त्याहून मोठं गिऱ्हाईक म्हणजे पश्चिमेकडची ख्रिस्ती गावं. सण आला, सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना म्हणजे नोव्हेना आली, कोणाच्या मरणाला महिना झाला, की मेणबत्त्या. मी हिंदू, पण त्यांच्या सणांच्या तारखा मला त्यांच्यापेक्षा आधी ठाऊक असायच्या. माल तयार ठेवायचा असतो ना.

एका दुपारी राजोडीची एक ख्रिस्ती कोळीण आली. पन्नाशीची, नवरा समुद्रात बुडालेला, एकुलता एक मुलगा. त्या मुलाला मुदतीचा ताप आला होता आणि तीन आठवडे झाले तरी तो खाटेवरून उठत नव्हता. विरारच्या डॉक्टरची इंजेक्शनं चालू होती. तिनं पदराच्या गाठीतून एक दोऱ्याची गुंडाळी काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"एवढी मेनबत्ती पायजे," ती म्हणाली. "पोराच्या उंचीची. डोक्यापासून टाचेपर्यंत मापलाय."

उंचीच्या मेणबत्त्या मी आधी केल्या होत्या. लोक तोंडानंच माप सांगायचे, पाच फूट, सव्वापाच. दोरा घेऊन येणारी ही पहिलीच. मी दोरा फुटपट्टीवर धरला, साडेपाच फूट भरला. मग आमची घासाघीस सुरू झाली. मी मेणाच्या वजनावर भाव सांगितला, तिनं निम्मा सांगितला. मी म्हटलं, मावशी, पापलेट निम्म्यात देशील का? ती म्हणाली, पापलेट रात्रभर जागून मिळतं, तुझं मेण डब्यात निजतं. खरं सांगतो, मला बाई आवडली. मासे विकणारीशी भाव करण्यात जी मजा आहे ती वाण्याशी करण्यात नाही. शेवटी ठरलं, आणि ती जाता जाता म्हणाली, दोरा नीट ठेव हां. मी म्हटलं, ठेवतो.

आता माझी बाजू नीट समजून घ्या. तो दोरा जाळी विणायचा जुना सुती दोरा होता. घामाचा, हातांच्या तेलाचा, जाडीत कमीजास्त. असल्या दोऱ्याची वात केली तर ती धूर काढते, मध्येच विझते आणि गिऱ्हाईक मला शिव्या देतं. मी मुंबईहून विणलेली पक्की वात आणत असे. पाण्याचा लोखंडी पाइप उभा चिरून त्याच्या दोन फाकी केल्या होत्या, त्यांना आतून तेल लावून तारेनं आवळायचं, मधोमध वात ताणून बसवायची आणि मेण थोडं थोडं ओतायचं, कारण थंड होताना मेण आत बसतं आणि खड्डा पडतो. साडेपाच फुटांची मेणबत्ती करायला अर्धा दिवस गेला. निघाली ती सरळ, गुळगुळीत, एकही बुडबुडा नाही. मोडू नये म्हणून तिला बांबूच्या कामटीचा आधार दिला, वरून वर्तमानपत्र गुंडाळलं आणि बांधायला हाताशी होता तो दोरा घेतला. त्याचे तीन तुकडे करून तीन ठिकाणी आवळून बांधले, लोंबणारी टोकं पात्यानं कापली. तिचा दोरा तिलाच परत, वाया काही घालवायचं नाही, असा माझा हिशेब.

ती आली तेव्हा दुकानात चार माणसं होती. तिनं पुडकं पाहिलं आणि हात लावायच्या आधीच थांबली. एक एक गाठ बोटांनी चाचपली. मग खाली बसून तिनं तिन्ही गाठी सोडल्या आणि दोऱ्याचे तिन्ही तुकडे तळहातावर शेजारी शेजारी ठेवले.

"माज्या पोराचे तीन तुकडे केलेस तू," ती म्हणाली. "आन मेनबत्ती रिकामी दिलीस."

मला काहीच कळेना. मी म्हटलं, मावशी, रिकामी कशी, वजन करून घे, फुटपट्टी लावून बघ. ती म्हणाली, लबाड माणूस, फुटपट्टीनं काय पोर मोजतोस? तिनं तुकडे पदरात बांधले आणि मेणबत्ती तिथंच टाकून गेली. मी मागून ओरडलो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आठ दिवसांत गोष्ट गावागावांतून फिरली. तिकडच्या चर्चच्या सणाआधीच्या नोव्हेनेला तीन आठवडे होते. दरवर्षी या सुमाराला माझ्या शेडबाहेर सायकली लागायच्या. त्या वर्षी कोणी फिरकेना. एक जुनं गिऱ्हाईक रस्त्यात भेटलं, तोंड वाकडं करून म्हणालं, शेठ, तुम्ही म्हणे आतली वस्तू काढून घेता. म्हणजे मी साय काढून दूध विकणारा झालो. वर्षाचा निम्मा धंदा त्या नऊ दिवसांवर उभा असायचा. आणि धंद्याचं एक वेळ सोडा, माझं नाव गेलं होतं, तेही मी काय केलं ते मला न कळता.

मी सायकल काढली आणि सरळ त्यांच्या चर्चच्या फादरांकडे गेलो. ते म्हातारे होते, इथल्याच वाडीतले, बाहेर शिकून परत आलेले. मी त्यांना बसायच्या आधीच सांगितलं की रविवारच्या प्रार्थनेत, तुमच्या मिस्सेत, वेदीवरून जाहीर करा, हा माणूस मापात खोट करत नाही. त्यांनी मला पाणी दिलं आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. मी दोऱ्यापाशी आलो तशी त्यांची मान वर झाली.

"दोरा वातीत घालायचा होता," ते म्हणाले. "माप नव्हतं ते. मुलगाच होता तो."

मी म्हटलं, हे मला कोणी सांगितलं? फादरांनी माझ्यासमोरचा पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, तिनं उघड सांगितलं नाही याला कारण मी आहे. मागच्या वर्षी मीच वेदीवरून म्हटलं होतं की ही दोऱ्याबिऱ्यांची जुनी खुळं सोडा, आता मिस्सा लॅटिन सोडून आपल्या भाषेत आली आहे, श्रद्धाही जरा शहाणी होऊ द्या. म्हणून बाया आता ते गुपचूप करतात.

मी त्यांच्यावरही चिडलो. म्हटलं, फादर, तुम्ही बंद केलंत, तिनं लपवलं, आणि लबाड ठरलो मी. ते हसले नाहीत. उठून काचेच्या कपाटातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं, त्यांच्या सेमिनरीच्या, म्हणजे पाद्री व्हायच्या शिक्षणाच्या, दिवसांतलं, मध्ययुगातल्या युरोपातल्या चर्चबद्दलचं. पानं उलटत म्हणाले, हे खूळ इथलं नाही रे, बस जरा.

मी सातवीपर्यंत शिकलेला. युरोप म्हणजे माझ्या लेखी पोर्तुगीज आणि इंग्रज, दोघेही इथलं लुटून नेणारे लोक. फादर वाचत आणि मराठीत सांगत गेले. सहा-सातशे वर्षांपूर्वी तिकडे कोणी आजारी पडलं की घरची माणसं दोऱ्यानं त्याला डोक्यापासून पायांपर्यंत मापायची. कधी छातीभोवतीही. मग त्याच दोऱ्यावर मेण चढवून मेणबत्ती करायची आणि संताच्या थडग्यापाशी नेऊन लावायची. उभी राहील एवढी जाड करणं परवडत नसेल तर पातळ करून दोरखंडासारखी वेटोळी घालायची. आजारी माणूस इथे पडलेला आणि तिकडे तोच संतापुढे जळत उभा, असा त्याचा अर्थ. थडग्यापाशी एक मठवासी वही घेऊन बसलेला असायचा. कोण आलं, कुठल्या गावचं, काय दुखणं, गुण कधी आला, सगळं लिहायचा.

"आणि ज्यांना गुण आला नाही त्यांचं?" मी विचारलं.

"त्यांचं कोण लिहितो?" फादर म्हणाले.

मी भांडायला गेलो होतो आणि दोन तास बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशीही. शेडमध्ये काम नव्हतंच. मला आधी मेणाची चौकशी करायची होती. तेव्हा खनिज मेण नव्हतं, मग एवढं मेण यायचं कुठून? फादरांनी सांगितलं, मधमाश्यांचं. गरीब घरात चरबीचे दिवे, त्यांना वास यायचा, पण वेदीवर फक्त माशीचं मेण चालायचं. आणि प्रत्येक गावात चर्च, प्रत्येक चर्चमध्ये वेद्या, प्रत्येक वेदीवर दिवे, शिवाय सण, मयतं, नवस. आसपासच्या माश्या पुरेनात म्हणून दूरच्या थंड जंगलांतून जहाजं भरभरून मेण यायचं. मी विचारलं, म्हणजे एका गिऱ्हाइकाच्या जोरावर जहाजं चालायची? ते म्हणाले, त्या गिऱ्हाइकाच्या जोरावर बरंच काही चालायचं. माणसानं मांस कोणत्या दिवशी खायचं नाही, लग्न कोणत्या दिवसांत करायचं नाही, काम कधी बंद ठेवायचं, शपथ मोडली तर काय, हे सगळं चर्च सांगणार. राजासुद्धा चर्च वाळीत टाकील म्हणून वचकून असायचा.

मला राजांचं फारसं काही वाटलं नाही, पण मेणाच्या माणसांची गोष्ट मी दोनदा सांगायला लावली. काही लोक स्वतःला चर्चच्या स्वाधीन करायचे आणि वर्षाला ठरलेलं थोडंसं मेण द्यायचे. तेवढं दिलं की दुसऱ्या कुठल्या जमीनदारानं त्यांना राबवायचं नाही. कारागिरांच्या मंडळ्यांत कोणी सभेला उशिरा आला, कोणी वाईट काम केलं, तर दंड मेणात. मी म्हटलं, हे बरं आहे, मला उशीर झाला तर मी माझाच माल देईन. आणि जळून उरलेले बुंधे? ते पुन्हा वितळवायचे, असं पुस्तकात होतं. मी म्हटलं, बघा, धंदा तोच आहे. तेव्हा फादर पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

सर्वांत नवल वाटलं ते एका शहराचं. साथ आली, माणसं पटापट मरू लागली, तेव्हा त्या लोकांनी शहराच्या तटाभोवती दोरा फिरवला आणि तेवढ्या लांबीची मेणबत्ती केली. आख्खं गाव मापलं. मी तिथंच पेन्सिल मागितली. आचोळ्याला एक वेढा घालायचा तर किती मेण लागेल याचा अंदाज काढला आणि पेन्सिल खाली ठेवली. एवढा माल मी दहा वर्षांत पाडला नसता.

मी विचारलं, फादर, हे तुमच्या चर्चनं लोकांना शिकवलं का? ते म्हणाले, काही शिकवलं, काही लोकांनी आपणहून केलं आणि चर्चनं मागाहून जागा दिली. मरणाची, दुखण्याची भीती कुठेतरी ठेवायला लागते. मग पुस्तक मिटून, माझ्याकडे न बघता म्हणाले की वेदीवर उभं राहून खूळ म्हणणं सोपं होतं.

त्यांनी माझ्याबरोबर त्या कोळणीकडे येऊन बोलायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं. तुम्ही गेलात तर ती तुमचं ऐकेल, पण मनातून नाही. माझं भांडण माझं मला मिटवू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राजोडीला गेलो. सोबत नवा पांढरा दोरा नेला होता, पुन्हा माप घेऊन मोकळं व्हावं म्हणून. घर समुद्राच्या पुळणीपासून जवळच, दारात बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांड्या. आईनं मला उंबऱ्यावरच थांबवलं. मी म्हटलं, मावशी, मला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, मेणबत्तीवाल्याला ठाऊक नाही तर कोनाला? मी म्हटलं, पुन्हा माप दे, या खेपेला तुझ्या डोळ्यांदेखत वातीत घालतो. ती एकदम मागे सरकली.

"दुसऱ्यांदा मापतात ते पेटीसाठी," ती म्हणाली.

पेटी म्हणजे मयताची. मी नवा दोरा खिशात कोंबला. माझं सगळं बोलणं, भाव करणं, माणसाला दोन पावलं मागे न्यायचं आणि एक पुढे आणायचं, ते सगळं त्या उंबऱ्यावर संपलं.

तेवढ्यात आतून आवाज आला. मुलगा, बावीस-तेवीसचा, खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. डोळे खोल, गालांची हाडं वर आलेली, पण तोंड चालू होतं. "आये, ज्यानं मला कापला तो शेठ हाच का? येऊ दे की आत, बघू दे तरी."

मी आत गेलो. त्यानं आईकडून ते तीन तुकडे मागून घेतले. तिनं ते वेदीच्या कोनाड्यात, मरियेच्या तसबिरीमागे ठेवले होते. त्यानं ते मांडीवर ठेवले आणि आईला विचारलं, जाळं फाटलं तर आपण काय करतो? फेकून देतो? त्यानं पहिल्या दोन तुकड्यांची टोकं धरली. बोटांतून ती दोनदा सुटली. मग जाळ्याला मारतात ती बारीक, चपटी गाठ बसली. दुसऱ्या गाठीला त्याला घाम फुटला, आई पुढे झाली, त्यानं तिला हातानं अडवलं.

आता मला एक गोष्ट सांगावीच लागली. टोकं मी कापली होती. चार-पाच बोटं तरी दोरा केरात गेला, आणि आमच्याकडे केरातलं मेण पुन्हा भांड्यात जातं. म्हणजे त्याचा तेवढा तुकडा कुठल्यातरी मेणबत्तीतून विरारला जाऊन, वीज गेली तेव्हा कोणाच्यातरी स्वयंपाकघरात जळून गेला होता. हे मी न सांगता सुटलो असतो. कोणी मोजणार नव्हतं. पण ज्या ‘लबाड’ शब्दावरून मी भांडत होतो तो मग खरा झाला असता. मी सांगितलं.

आईनं तोंडाला पदर लावला. मुलानं दोरा छातीवर धरून बघितला.

"बरोबर हाये," तो म्हणाला. "महिनाभरात तेवढा खंगलोच की मी. गाठींत गेला तोही धर."

आई आधी रागावली, मग तिला हसू आलं आणि लगेच रडू आलं. मी बाहेर जाऊन सायकलपाशी उभा राहिलो.

मेणबत्ती फुकट करून देतो म्हटलं तर ती फिरून उसळली. नवस फुकटचा होतो का? आम्ही तिथंच भाव ठरवला, आधीच्यापेक्षा कमी, कारण तिचं म्हणणं की मेणबत्ती आता आखूड झाली आहे. हे मात्र मला मान्य करावं लागलं.

ती माझ्या शेडमध्ये सकाळी आठला येऊन बसली आणि शेवटपर्यंत उठली नाही. फाकी आवळताना, दोरा ओवताना, ओतताना, तिची नजर माझ्या हातांवर. गाठींमुळे दोरा मधोमध राहीना. मी तीनदा ताणून बघितला. मेण ओतायचं आणि थांबायचं, ओतायचं आणि थांबायचं. या थांबण्यात मी तिला फादरांनी सांगितलेलं सांगितलं, की दूर समुद्रापलीकडे, सातशे वर्षांपूर्वीच्या बायासुद्धा असाच दोरा पदरात बांधून निघायच्या. तिला मुळीच नवल वाटलं नाही. तिनं एवढंच विचारलं, त्यांचे मेनबत्तीवाले चांगले होते का?

नोव्हेनेच्या नऊ संध्याकाळी ती मेणबत्ती रोज तासभर पेटायची आणि मग ती विझवून ठेवत. वरचा तुकडा सर्वांत लहान होता, वीतभराचा. माझी इंचभर जाड मेणबत्ती तासाला इंचभर उतरते, म्हणजे ज्योत नवव्या दिवशी पहिल्या गाठीशी पोचणार. हे गणित माझं डोकं सोडेना. पातळ वात गाठीशी जाड होते, मेण भलतंच ओढते, ज्योत फुगते, कधी तडकून विझतेही. ती तिथं विझली तर काय, हे मी तिला सांगितलं नव्हतं.

नवव्या संध्याकाळी मी त्यांच्या देवळात गेलो. इतकी वर्षं माल पुरवला, पण आत शेवटच्या बाकावर बसलो ते तेव्हाच. सगळे गात होते आणि मी वातीकडे बघत होतो. पुढच्या बाकावर आई होती, शेजारी मुलगा, घोंगडीत गुंडाळलेला, दोन माणसांनी धरून आणलेला. ज्योत खाली बसू लागली. मग एकदम वीतभर उठली, काळा धूर सोडला, मेण एका बाजूनं ओघळलं. मुलानं आईला कोपरानं ढोसलं. ज्योत थरथरली, बारीक झाली, इतकी बारीक की मी बाकावरून अर्धा उठलो. मग ती सरळ झाली आणि दुसऱ्या तुकड्यावर जळू लागली. फादर वेदीवरून बघत होते. त्यांनी त्या दिवशी दोऱ्याबद्दल काहीही म्हटलं नाही.

पावसाळ्यानंतर तो मुलगा होडीवर गेला. मी त्याचं श्रेय कोणाला देत नाही, इंजेक्शनंही चालू होती. धंदाही हळूहळू परतला. पुढल्या वर्षी नोव्हेनेआधी राजोडीहून तीन बाया आल्या, तिघींच्या पदराच्या गाठींत दोरे. फादरांना आता कोणी भीत नव्हतं. त्या बायांशी भाव करताना माझा घसा बसला. ठरल्यावर मी दोऱ्यासाठी हात पुढे केला, तर एकीनंही दिला नाही. खालचं टोक त्यांनी मला फाकींत बसवू दिलं आणि वरचं टोक आपल्या चिमटीत धरून एकामागून एक स्टुलावर उभ्या राहिल्या. मेण वरपर्यंत भरून घट्ट होईपर्यंत त्यांनी बोटं सोडली नाहीत, आणि मी शेजारच्या स्टुलावरून, कोणाला भाजणार नाही असं, थोडं थोडं ओतत राहिलो.